वैद्यकी शब्द आणि रोग्याची सही

नवी पेठेतील व्यापारी व्यवहाराच्या शब्दाविषयी किती दक्ष असतो, हे सोलापूरकरांस सांगावयास नको. हुंडीच्या काळी शहाजोग कोणती व धनीजोग कोणती, दर्शनी कोणती व मुदती कोणती, हे पेढीवरच्या उमेदवार पोरासही पाठ असे. कारण एका शब्दाच्या फरकाने पैसा भलत्याच्या हाती पडण्याची भीती होती. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा ‘इनपुट क्रेडिट’ आणि ‘रिव्हर्स चार्ज’ हे शब्द ज्यांनी जन्मात ऐकले नव्हते, अशा दुकानदारांनीही ते वर्षभराच्या आत आत्मसात केले. भाषा परकी आहे, अर्थ दुर्बोध आहे, शिक्षण कमी आहे, अशी एकही सबब त्या वेळी कोणी पुढे केली नाही. जेथे हित गुंतलेले असते तेथे मनुष्य शब्द शिकतो, असा ह्याचा सरळ अर्थ आहे.

परंतु हाच दक्ष व्यापारी घरातील माणसाला घेऊन रुग्णालयाच्या टेबलाशी उभा राहिला, म्हणजे त्याची सारी चिकित्सक बुद्धी लयास जाते. समोर आलेल्या कागदावर काय लिहिले आहे हे न विचारता तो दाखविलेल्या जागी मुकाट्याने सही करतो. चार हजारांच्या मालाची पावती उलटसुलट करून पाहणारा गृहस्थ पत्नीच्या शस्त्रक्रियेचे संमतिपत्र वाचीत नाही. आणि वाचले तरी त्यातील मुख्य शब्दच त्यास कळत नाही. पैशाच्या कागदावर आपण जागे आणि प्राणाच्या कागदावर निजलेले, ही विसंगती आता थांबली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संमतीचा कागद म्हणजे केवळ कचेरीचा उपचार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला एक निकाल ह्या बाबतीत प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका स्त्रीने दुर्बिणीतून पोटाच्या आत पाहून रोगाचे निदान करण्यास संमती दिली होती. संमतिपत्रात ‘लॅपरॉस्कोपी’ हा शब्द होता, आणि प्रसंगी ‘लॅपरॉटमी’ करावी लागेल, असेही त्यात नमूद होते. ती बेशुद्धावस्थेत असता बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि तिचे गर्भाशय व दोन्ही बीजकोश काढून टाकण्यात आले. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता असे धरूनही न्यायालयाने ठरविले की, निदानास दिलेली संमती ही अवयव काढण्यास दिलेली संमती होऊ शकत नाही. आणि तत्काळ प्राणावर बेतलेले नसता, सज्ञान व समर्थ रोग्याच्या ऐवजी दुसऱ्याची संमती चालत नाही. शस्त्रक्रियेची फी नाकारून न्यायालयाने २५,००० रुपयांची भरपाई देवविली. कायद्याने न्याय दिला खरा. परंतु गेलेला अवयव कोणत्या न्यायालयाने परत द्यावा?

ह्या खटल्यातील तिढा ज्या शब्दांभोवती आहे, ते वस्तुतः फारसे कठीण नाहीत. ‘स्कोपी’ म्हणजे पाहणे, ‘टमी’ म्हणजे छेद घेऊन उघडणे, आणि ‘एक्टमी’ म्हणजे कापून बाहेर काढणे. लॅपरॉस्कोपीत पोटात नळी घालून पाहतात, लॅपरॉटमीत पोट उघडतात, आणि हिस्टरेक्टमीत गर्भाशय काढून टाकतात. ‘स्टमी’ हा चौथा प्रत्यय ऐकण्यास ‘टमी’सारखाच, पण त्याचा अर्थ नवे तोंड किंवा वाट करून ठेवणे असा आहे. कोलॉस्टमी केलेल्या रोग्याच्या पोटावर आतड्याचे तोंड काढून ठेवलेले असते, हे शस्त्रक्रियेनंतर नव्हे तर आधी कळले पाहिजे. पाहणे, उघडणे, काढणे आणि वाट ठेवणे, ह्या चार क्रियांतील भेद ज्यास कळला, त्यास संमतिपत्रातील अर्धा अंधार दूर झाल्याचे आढळून येईल.

येथे कोणी म्हणेल की, हे ग्रीक-लॅटिनचे ओझे आमच्या माथी कशाला? त्यास आमचे उत्तर असे की, हे शब्द दिसतात तितके परके नाहीत. ग्रीक व लॅटिन ह्या आपल्या संस्कृताच्या दूरच्या बहिणी आहेत, आणि शरीराच्या नावांत हे नाते स्पष्ट दिसते. ‘ऑस्टिओ’ म्हणजे हाड, आणि आपले ‘अस्थि’ त्याच कुळातले. ‘कार्डिया’ आणि ‘हृद्’ ही एकाच मुळाची रूपे आहेत. यकृताच्या रोगास जो ‘हिपॅटायटिस’ म्हणतात, त्यातील ‘हीपार’ आणि आपले ‘यकृत्’ ही भावंडे आहेत. ‘ॲनिमिया’तील आरंभीचा ‘अन्’ हा आपल्या ‘अनुचित’, ‘अनादर’ ह्या शब्दांतील नकारवाचक ‘अन्’ होय. रक्त नसणे, कमी असणे, हा त्याचा अर्थ. आणि ज्या शेपटाने निम्मी रोगनामे संपतात तो ‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज. मग टॉन्सिलायटिस कोठला, अपेंडिसायटिस कोठला आणि संधींचा आर्थ्रायटिस कोणता, हे निराळे शिकवावे लागत नाही. पन्नास-साठ तुकडे ओळखीचे झाले की शेकडो शब्द आपोआप उकलतात. मोडी वाचणाऱ्या आमच्या वाडवडिलांस हे काम मुळीच जड गेले नसते.

ह्यांतील एक जोडी मात्र प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ हे दोन शब्द कानास जुळ्या भावांसारखे वाटतात. पण अर्थाने एकमेकांचे वैरी आहेत. ‘हायपर’ म्हणजे आपला ‘उपरि’, वर, अधिक. आणि ‘हायपो’ म्हणजे आपला ‘उप’, खाली, उणा. मधुमेह झालेल्या माणसाच्या रक्तातील साखर फार वाढणे म्हणजे हायपरग्लायसेमिया, आणि ती फार उतरणे म्हणजे हायपोग्लायसेमिया. साखर उतरली असता दरदरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात, बोलण्यात भ्रम होतो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रोग्यास तत्काळ साखर दिली पाहिजे, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठले पाहिजे. ‘मधुमेह्यास साखर म्हणजे विष’ एवढेच ज्या घरात ठाऊक असेल, तेथे ह्या दोन अक्षरांच्या गल्लतीने जीव जाऊ शकतो. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचेही तसेच. तिचे काम उणे पडले तर जे औषध देतात, ते काम अधिक झालेल्या रोग्यास अपाय करील. शेजारणीची गोळी गुणकारी म्हणून आपणही घ्यावी, असे वाटणाऱ्यांनी आधी आपले ‘हायपर’ की ‘हायपो’ हे विचारून घ्यावे.

न समजणाऱ्या शब्दापेक्षाही समजल्यासारखा वाटणारा शब्द अधिक घातक असतो. आपल्या बोलण्यात ‘अमक्याचे हार्टफेल झाले’ म्हणजे तो गेला, असा अर्थ रूढ आहे. पण डॉक्टर ज्यास हार्ट फेल्युअर म्हणतात, त्याचा अर्थ हृदय थांबले असा नसून रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती उणावली, एवढाच आहे. आणि योग्य उपचाराने असे रोगी वर्षानुवर्षे कामधंदा करितात. घरी पाठविताना दिलेल्या कागदावर हे दोन शब्द वाचून घरच्यांनी आशा सोडावी, ह्याहून करुण गैरसमज कोणता? ‘क्रॉनिक’ म्हणजे भयंकर, अशी आपल्यात समजूत आहे. वास्तविक तो दीर्घकाळ चाललेला, एवढाच त्याचा अर्थ. ‘ट्यूमर’ म्हणजे गाठ. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. ती ‘बिनाइन’ म्हणजे सौम्य आहे की ‘मॅलिग्नंट’ म्हणजे दुर्धर, हा पुढचा प्रश्न विचारल्यावाचून रडू नये व निश्चिंतही राहू नये. ‘पॉझिटिव्ह’ ह्या शब्दाने तर फारच घोटाळा मांडला आहे. जंतूंच्या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधीत होते ते सापडले, आणि रक्तगटातील पॉझिटिव्ह ही केवळ एक जात. तिचा रोगाशी संबंध नाही. आणि ‘मला बी.पी. आहे’ असे जो तो सांगतो. पण रक्तदाब तर जिवंत माणसास असावयाचाच. तो चढलेला आहे की उतरलेला, आणि किती, हे सांगावयास नको काय?

हा दोष केवळ परक्या शब्दांचा आहे असे मात्र कोणी समजू नये. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन्ही शब्द अस्सल मराठी आहेत. पण त्यांच्या सारखेपणाने कित्येक वृद्धांची दृष्टी गेली असेल. मोतीबिंदू पिकला तरी शस्त्रक्रियेने पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्याच्या पाठीमागील मज्जातंतू नासतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही; जी उरली असेल तीच औषधाने राखता येते. ‘बिंदूच आहे, पिकला म्हणजे काढू’ असे म्हणत जो थांबला तो फसला. यास्तव शब्द स्वकीय असो की परकीय, त्याचा अर्थ नेमका कळला पाहिजे, हा आमचा मुद्दा आहे.

औषधाच्या चिठ्ठीचेही असेच. चिठ्ठीवरील ‘बी.डी.’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टी.डी.एस.’ म्हणजे तीनदा. त्यांतील ‘बिस’ आणि ‘टेर’ हे आपले ‘द्विः’ आणि ‘त्रिः’च आहेत. ‘एच.एस.’ म्हणजे निजण्याच्या वेळी, ‘ए.सी.’ म्हणजे जेवणापूर्वी, ‘पी.सी.’ म्हणजे जेवणानंतर. ‘एस.ओ.एस.’ म्हणजे बुडत्या जहाजाची हाक नव्हे, तर गरज पडल्यास घ्यावे. ‘ओ.डी.’ हे औषधापुढे असेल तर दिवसातून एकदा, आणि चष्म्याच्या चिठ्ठीत असेल तर उजवा डोळा. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे वैद्यकी व्यवसायाच्या २००२ च्या नियमांत २०१६ साली दुरुस्ती करून सांगितलेले आहे. तसेच रोग्याने मागणी केल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत, असेही त्याच नियमांत आहे. हा आपला हक्क आहे, भीक नव्हे. परंतु कागद हाती येऊनही वाचता न आला, तर तो हक्क आंधळ्यापुढच्या आरशासारखाच होय.

आमच्या सोलापुरास ह्या विषयाचे एक विशेष अंग आहे. हे शहर सूत-कापडावर वाढले. ज्या हातांनी गिरण्या आणि माग चालविले, त्या हातांच्या मालकांच्या छातीत कापसाची धूळ वर्षानुवर्षे साठत गेली. अशा धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगास ‘बिसिनोसिस’ म्हणतात. त्याची एक खूण अशी की, आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते व धाप लागते. पुढे पुढे ती रोजचीच होते. पिंजणीच्या व कार्डिंगच्या खात्यांत काम करणारांस हा धोका अधिक. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात ह्या रोगाची गणना धंद्यामुळे होणाऱ्या रोगांत झाली होती. म्हणजे कागदावर ‘बिसिनोसिस’ लिहिले गेले तर भरपाईचा दावा उभा राहतो, आणि नुसते ‘दमा’ किंवा ‘ब्राँकायटिस’ लिहिले गेले तर तो आरंभीच लंगडा पडतो. एका शब्दात कुटुंबाचे अन्न साठविलेले असते. ज्या कामगारास तो शब्दच ठाऊक नाही, तो ‘मी कोठल्या खात्यात, किती वर्षे काम केले, हे विचारून मग रोगाचे नाव लिहा’ असे डॉक्टरांस कसे सांगणार?

आता ह्या अडचणीवर उपाय काय? एक पक्ष म्हणतो की, सगळे शब्द मराठी करून टाका म्हणजे झाले. ह्या पक्षाविषयी आम्हांस पूर्ण सहानुभूती आहे, आणि त्याचा इतिहासही अभिमानास्पद आहे. मुंबईस १८२६ साली देशी लोकांसाठी वैद्यकशाळा निघाली, तेव्हा तिचे प्रमुख डॉ. मॅक्लेनन ह्यांनी वैद्यकाची पुस्तके मराठीत व गुजरातीत उतरविली. पण ती शाळा १८३२ साली बंद करण्यात आली. पुढे १८६१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी व गुजराती वर्ग निघाले. सोलापूर जिल्ह्याच्या शेजारच्या निजामी राज्यात, हैदराबादेच्या उस्मानिया विद्यापीठात, वैद्यक उर्दूतून शिकविले जात होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालीच भाषा संचालनालय स्थापन झाले आणि शरीरशास्त्र, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र ह्यांचे परिभाषा कोश सिद्ध झाले. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हिंदीतून वैद्यकाची पाठ्यपुस्तके काढली. आणि जपानात तर १७७४ सालीच सुगिता गेनपाकू व त्यांच्या सोबत्यांनी, धड शब्दकोश हाताशी नसता, डच भाषेतील शारीरग्रंथ तीन-साडेतीन वर्षे खपून आपल्या भाषेत आणला. मज्जातंतूस त्यांनी बनविलेला ‘शिंकेई’ हा शब्द जपानी लोक आजही वापरतात. तेव्हा देशी भाषेत वैद्यक अशक्य आहे, हे म्हणणे खोटे आहे.

परंतु नुसता शब्द पाडला म्हणजे अर्थ पोहोचला असे होत नाही. ‘लॅपरॉटमी’ खोडून तेथे ‘उदरच्छेदन’ लिहिल्याने मंगळवार पेठेतील म्हातारीस अधिक काय कळले? तिला ‘पोट चिरून आत पाहावे लागेल’ असेच सांगितले पाहिजे. कोशातील शब्द विद्वानांच्या परस्पर व्यवहारासाठी अवश्य असावा. रोग्यापुढे मात्र घरात बोलतात ती मराठी असावी. आणि ज्या शहरात मराठीबरोबर कानडी, तेलुगू व उर्दू घरोघर बोलली जाते, तेथे ‘रोग्याची भाषा’ म्हणजे ह्या चारही भाषा, हे विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो. एकेका दिवसात इतके रोगी तपासावयाचे असता प्रत्येकास व्याकरण शिकवावयास वेळ कोठून आणावा? अडचण खरी आहे, आणि सरकारी रुग्णालयातील तरुण डॉक्टरांचे श्रम आम्ही जाणतो. पण न समजल्यामुळे चुकीने घेतलेली गोळी, अर्धवट सोडलेले औषध आणि त्यामुळे पुन्हा आलेला रोगी, ह्यांस लागणारा वेळ कोणी मोजला आहे काय? तिसरा आक्षेप असा की, अर्धवट ज्ञानाने रोगी स्वतःस डॉक्टर समजू लागतील. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. शब्दाचा अर्थ जाणणे म्हणजे रोगाचे निदान करणे नव्हे. वटाव म्हणजे काय हे कळल्याने कोणी सावकार होत नाही. पण फसत मात्र नाही. अर्थ कळलेला रोगी डॉक्टरास प्रश्न विचारतो. अर्थ न कळलेला रोगी मोबाइलवर आलेल्या अफवेस विचारतो. दोहोंपैकी धोक्याचा कोणता?

ह्या बाबतीत सोलापुरास दुसऱ्याकडे आदर्श शोधण्याचे कारण नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्याच शहरात १९१० साली जन्मले. १९३८ साली भारतीय वैद्यकी पथकातून ते चीनला गेले, आणि तेथे नुसती शस्त्रक्रिया करून थांबले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, रोग्यांशी त्याच भाषेत बोलू लागले व विद्यार्थ्यांस त्याच भाषेत शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. पण चीन त्यांस अजून विसरला नाही. सोलापूरचा डॉक्टर परदेशात जाऊन रोग्याची भाषा शिकतो, आणि सोलापुरातच सोलापूरच्या रोग्यास आपल्या रोगाचे नाव कळू नये, हे त्या नावाला शोभत नाही.

म्हणून आमच्या सूचना थोडक्यात अशा. शहरातील रुग्णालयांनी संमतिपत्रे व घरी जातानाचे कागद वर सांगितलेल्या चार भाषांत, सोप्या वाक्यांत छापावेत. आणि सहीपूर्वी रोग्याने आपल्या शब्दांत ‘माझे काय करणार आहेत’ हे सांगितल्यावाचून सही घेऊ नये. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून डॉक्टर घडवीत आहे. त्याच्या विद्यार्थ्यांस रोग्यांचे शब्दही शिकविले जावेत. कळ, चमक, ठणका, उसण, आग, मुंग्या, हे आपल्या लोकांनी वेदनेचे केलेले भेद निदानास उपयोगी पडतील असे आहेत. त्यांस एकाच ‘पेन’ शब्दात कोंबणे म्हणजे रोग्याने दिलेला पुरावा फेकून देणे होय. औषधविक्रेत्यांनी प्रत्येक पाकिटावर केव्हा, किती व जेवणाआधी की नंतर, हे रोग्याच्या लिपीत लिहावे. वाचनालयांनी परिभाषा कोश कपाटात कुलूपबंद न ठेवता टेबलावर ठेवावेत.

आणि वाचकहो, ह्या सर्वांची वाट न पाहता आपल्या हातचे जे आहे ते आपण आजच करावे. घरातील प्रत्येक माणसाचे वैद्यकी कागद एका फाइलीत तारीखवार लावावेत. त्यांतील न कळलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवून पुढील भेटीत विचारावा. डॉक्टरांपुढे तीन प्रश्न निःसंकोच ठेवावेत: ह्या रोगाच्या नावाचा अर्थ काय? आपण पाहणार आहात, उघडणार आहात, की काढणार आहात? आणि हे न केल्यास काय होईल? चांगल्या डॉक्टरास ह्या प्रश्नांचा राग येत नाही. विहीर तहान लागण्यापूर्वीच खणावयाची असते. हुंडीचे शब्द आमच्या वाडवडिलांनी तिजोरी राखण्यासाठी शिकले. हे शब्द आपण माणसे राखण्यासाठी शिकावयाचे आहेत.